नत्राची सोंगं

शेतकऱ्याला नत्र म्हटलं की युरियाची गोणी आठवते. पुणेकराला काहीच आठवत नाही. खरं तर माणसाच्या शरीरातून दिवसाकाठी साधारण १० ग्रॅम नत्र बाहेर पडतं आणि त्यातलं बहुतेक लघवीतून. लाखभर माणसांचं एका दिवसाचं नत्र टनभर भरतं. युरियात नत्र ४६ टक्के धरलं, तर ४५ किलोच्या सुमारे पन्नास गोण्या झाल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या किती लाख आहे ते मनात धरा आणि गुणाकार तुम्हीच करा.

हे नत्र मोठं बहुरूपी. घरातून निघतं तेव्हा युरिया असतं, पण नदी गाठण्याआधी गटारातच जिवाणू त्याचा अमोनिया करून टाकतात. न धुतलेल्या मुतारीत डोळ्यांना झोंबतो तोच हा. पाण्यात तो बराचसा अमोनियमच्या रूपात मुकाट असतो. उन्हाळ्यात मात्र पाणी तापतं, दुपारच्या उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू वर चढतो आणि त्याच अमोनियमचा काही भाग मुक्त अमोनिया होतो. माशांना मारतो तो हा. सकाळच्या नमुन्यात निर्धोक दिसलेलं पाणी दुपारी विषारी ठरू शकतं, ते यामुळे.

पुढचं सोंग महागडं. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचं नायट्रेट. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये झुरिचला ही कामाची वाटणी उलगडली. दोन्ही कामं एकटाच उरकणारा जिवाणू सापडायला मात्र २०१५ उजाडावं लागलं. काम कुणीही करो, एक ग्रॅम अमोनियातल्या नत्राचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. घरगुती सांडपाण्यात असं नत्र लिटरमागे ३० मिलिग्रॅम असणं नेहमीचंच. म्हणजे एका लिटरला १३५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू हवा, आणि २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात मावतो जेमतेम आठ! उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटत नाही, तेव्हा पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली नदी म्हणून जे वाहतं ते बव्हंशी सांडपाणीच. तिने हे कर्ज फेडायचं कुठून?

गंमत म्हणजे आपली नेहमीची चाचणी हे कर्ज बहुधा पाहतच नाही. बीओडी, म्हणजे पाण्याची जैविक प्राणवायूची मागणी, मोजताना नमुना २७ अंशांना तीन दिवस बाटलीत बंद ठेवतात. नायट्रेट करणारे जिवाणू संथ वाढतात, त्यामुळे त्यांची संख्या पुरेशी होण्याआधीच बाटली उघडून आकडा लिहिला जातो. ‘बीओडी मर्यादेत’ असा शेरा मिळालेलं पाणी पुढे कित्येक किलोमीटर नदीचा श्वास ओढत राहतं.

नायट्रेटला सगळे खलनायक समजतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे. पण प्राणवायू संपलेल्या नदीत हाच नायट्रेट काही काळ तग धरायला मदत करतो. तळच्या गाळातले जिवाणू मग त्यातला प्राणवायू वापरून श्वसन करतात आणि नत्र वायू होऊन हवेत निघून जातं. नायट्रेटही संपला की सल्फेटची पाळी येते, दुर्गंधी सुटते आणि पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. नायट्रेटचा नत्र वायू होताना मधल्या टप्प्यात थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा.

मैलाशुद्धीकरण केंद्रात अमोनियाचं नायट्रेट आणि नायट्रेटचा नत्र वायू ही दोन्ही कामं मुद्दाम करवून घेता येतात: आधी भरपूर हवा, मग हवा बंद. त्यासाठी मोठ्या टाक्या लागतात, ब्लोअर लागतात, विजेचं बिल येतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत या केंद्रांसाठी नत्राची मर्यादाच नव्हती. मोठ्या शहरांसाठी एकूण नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅमवर आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं. जुनी केंद्रं मुळात या कामासाठी बांधलेलीच नव्हती, हे मला या सगळ्यातलं कळीचं दुखणं वाटतं. बातम्यांत मात्र आपण ‘किती दशलक्ष लिटरवर प्रक्रिया’ एवढंच वाचतो.

नदीत जे उरतं ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जातं. तिथे पाणी थांबतं आणि नत्राला डिटर्जंट व मैल्यातल्या स्फुरदाची जोड मिळते. मग पाणी हिरवं होतं, जलपर्णी पसरते. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी तो रंग पाहिला असेल. सोलापूर तेच धरण पितं.

सगळं पाणी मात्र तिथवर जात नाही. मुंढव्याला काही पाणी उचलून बेबी कालव्यात सोडतात आणि ते हवेली-दौंडकडच्या शेतांना मिळतं. त्यात नत्र आहेच, पण किती ते शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. म्हणून तो उसाला नेहमीची युरियाची गोणी टाकतोच. ती गोणी कदाचित अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातली असेल. शहराने वीज जाळून हवेत सोडायचं ते नत्र तिथे नैसर्गिक वायू जाळून हवेतूनच पकडतात.