पगार वाढला, कार्ड गेलं

चवथीला घर भरलेलं असतं. माटोळी बांधता बांधता कोण कुठे लागला, कुणाला किती पगार, अशा गप्पा निघतात. तुयेच्या वा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मोपच्या विमानतळावर कामाला असलेल्या एखाद्या भावाचा पगार 21 हजारांच्या वर गेला, की सगळे त्याच्याकडे पेढे मागतात. त्या आनंदात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. काही महिन्यांनी त्याचं ईएसआयचं कार्ड जाणार असतं.

आपल्याकडे सक्तीचा आरोग्य विमा नाही, असं अनेकांना वाटतं. तो 1948 च्या कायद्यापासून आहे. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के, म्हणजे 21 हजारांवर दोघांचे मिळून महिन्याला 840 रुपये. त्यात बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडीलही येतात. आईला जुना मधुमेह आहे म्हणून कुणी नाही म्हणत नाही. वडिलांचं वय वाढलं म्हणून वर्गणी वाढत नाही.

ही 21 हजारांची मर्यादा जानेवारी 2017 पासूनची. पगार ती ओलांडून गेला, की चालू सहामाहीनंतर वर्गणी थांबते आणि पुढे लाभही संपतो. मग उरतो बाजार. तिथे वयाप्रमाणे हप्ता चढतो आणि जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गोव्यात गोमेकॉ आहे, 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही आहे. पण त्या योजनेला रकमेची मर्यादा आहे.

नेदरलँड्समध्ये 2006 पासून विमा खाजगी कंपन्याच देतात, पण तो प्रत्येकाला घ्यावाच लागतो. मूळ विम्यासाठी कंपनीला कुणालाही नाकारता येत नाही, वय वा आजार पाहून हप्ता वाढवता येत नाही. कमी उत्पन्न असलेल्यांना सरकार मदत करतं. तरुण, धडधाकट माणसंही पैसे भरतात, म्हणून हे गणित जुळतं.

आपल्याकडे नेमका कमावता तरुणच पगार वाढल्यावर बाहेर पडतो. त्याला वर्गणी भरून आत राहू द्यावं, ही सुधारणा मागण्यासारखी आहे.

तोवर या चवथीला घरातली सगळी कार्डं एकदा बाहेर काढा. कुणाचं कधी संपतं, आईबाबा कशात आहेत, ते पाहा. ईएसआय संपायच्या आधी दुसरा विमा घेतलेला बरा. आजारी पडल्यावर तो शोधायला वेळ मिळत नाही.