नामिबियाला जावयाचे असेल तर

आफ्रिका म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य उभे राहते. नामिबियाला निघणाऱ्याने हे चित्र प्रथम पुसून टाकावे. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक महासागराच्या काठाने पसरलेला हा देश उघडा, कोरडा आणि बव्हंशी निर्मनुष्य आहे. क्षेत्रफळ सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहूनही अधिक. आणि २०२३ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या भरली जेमतेम तीस लाख. २०११ साली एकट्या पुणे शहरात याहून अधिक माणसे राहत होती. हे दोन आकडे ज्याने मनात नीट ठेवले, त्याला पुढे सांगावयाच्या बहुतेक गोष्टी आपोआप उमजतील.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मी तीन आठवडे त्या देशात हिंडलो. परतल्यापासून महाविद्यालयात भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "सिंहाची भीती नाही का वाटली?" त्या सर्वांना एकदाच लेखी उत्तर द्यावे, आणि पुढेमागे कुणी जाणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू. प्रवासवर्णन लिहिण्याचा नाही. सिंहाचे भय बाळगण्याचे कारण नाही. भय बाळगावे ते अंतराचे.

तसा हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. १८८४ पासून जर्मनीची वसाहत, १९१५ पासून दक्षिण आफ्रिकेचा अंमल आणि २१ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य, असा त्याचा थोडक्यात इतिहास. त्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत भारताने १९४६ सालीच उपस्थित केला होता. 'स्वापो' या स्वातंत्र्यसंघटनेला १९८६ मध्ये दिल्लीत दूतावास उघडू दिला तो भारतानेच. आणि १९८९-९० च्या सत्तांतरकाळी तेथे असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे नेतृत्व ले. जनरल प्रेमचंद या भारतीय सेनानीकडे होते. आजच्या विद्यार्थ्यांना मात्र नामिबिया ठाऊक असतो तो १७ सप्टेंबर २०२२ रोजी कुनोच्या जंगलात आणलेल्या आठ चित्त्यांमुळे. असो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील नामिबियाच्या उच्चायुक्त कार्यालयाकडूनच चौकशी करावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये. मुंबईहून थेट विमान नाही. आदिस अबाबा किंवा जोहान्सबर्ग येथे विमान बदलावे लागते. इथिओपिया हा पीतज्वराच्या यादीतला देश असल्याने तेथे बारा तासांहून अधिक मुक्काम पडला, तर पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला लागतो. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचा दाखला आता जन्मभर चालतो. तेव्हा ती घेऊनच निघावे हे बरे. उत्तरेकडील भागात पावसाळ्यात हिवताप असतो. त्याच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

जावे केव्हा? मे ते ऑक्टोबर. ते तेथले कोरडे महिने. पाणी आटते, जनावरे उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात आणि आपल्याला दिसतात. पण लक्षात ठेवावे की विषुववृत्ताच्या दक्षिणेस जून-जुलै म्हणजे हिवाळा. राजधानी विंडहुक साडेसोळाशे मीटर उंचीवर आहे, आणि वाळवंटात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. "आफ्रिकेत कसली थंडी?" असे म्हणून स्वेटर घरी ठेवणाऱ्याची तेथे फार फजिती होते. समुद्रकिनारी तर आणखीच गंमत. बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला चिकटून वाहतो, त्यामुळे एका अंगाला वाळवंट असूनही स्वाकोपमुंड गावात सकाळी दाट धुके आणि अंगात कापरे.

आता मुख्य विषयाकडे वळतो, तो म्हणजे रस्ता. बसगाड्या व रेल्वे यांवर भिस्त ठेवून तेथे फारसे काही पाहता येत नाही. चौघांनी मिळून मोटार भाड्याने घ्यावी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, ही मोठी सोय. आपल्या आर. टी. ओ. कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. रस्त्यांना अक्षरे दिलेली आहेत. 'बी' म्हणजे डांबरी, 'सी' आणि 'डी' म्हणजे बहुधा खडी-मुरमाचे. नकाशावर हे सगळे सारखेच सरळ दिसतात, आणि फसगत येथेच होते. कच्चा रस्ता रुंद असतो, समोर तासभर वाहन नसते, म्हणून पाय आपोआप दाबला जातो. कायद्याने मुरमावर ताशी शंभरची मुभा आहे, पण ती घेऊ नये. खडे चाकाखाली मोहरीसारखे घरंगळतात. रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या असतात. अशा वेळी कचकन ब्रेक मारला किंवा आडव्या आलेल्या जनावराला चुकविण्यासाठी चाक झटक्याने फिरविले, की गाडी उलटते. परदेशी प्रवासी तेथे जायबंदी होतात ते बहुतेक असेच. समोरून दुसरी गाडी आलेली नसते, जनावराने हल्ला केलेला नसतो. रिकाम्या रस्त्यावर एकटीच गाडी उलटलेली असते. सत्तरच्या पुढे जाऊ नये, पट्टा मागे बसणाऱ्यांनीही बांधावा. मुरमावर जाताना टायरमधील हवा थोडी कमी करतात. किती, ते गाडी देणाऱ्याला विचारावे. स्टेपनी शक्यतो दोन मागून घ्याव्यात आणि गाडी ताब्यात घेतानाच जॅक व पाना प्रत्यक्ष लावून पाहावा.

सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. कुडू नावाचे घोड्याएवढे हरिण दिव्यांनी भांबावून थेट समोर उडी घेते. भाड्याच्या गाडीचा विमाही पुष्कळदा रात्रीच्या अपघाताला लागू होत नाही. करारपत्रातील बारीक अक्षरे तेवढ्यासाठी वाचावीत. म्हणून दिवसाचा हिशेब उलटा करावा: सूर्य कधी मावळतो ते पाहावे, त्यात दोन तासांची पदरमोड धरावी आणि मग निघण्याची वेळ ठरवावी. विंडहुक ते स्वाकोपमुंड हे साडेतीनशे किलोमीटरहून थोडे अधिक डांबरी अंतर अर्ध्या दिवसात होते. तेवढ्याच मुरमाला पुरा दिवस द्यावा.

पेट्रोलपंप दिसला की टाकी भरावी, अर्धी असली तरी. पुढचा पंप दोनशे किलोमीटरवर असू शकतो, आणि त्याच्याकडे पेट्रोल असेलच असे नाही. पाणी माणशी रोजी पाच लिटर धरावे आणि ते गाडीत वेगळे राखून ठेवावे. मोबाईल फोन गावाबाहेर पडताच मुका होतो, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि कागदी नकाशाही जवळ असू द्यावा. मुक्कामाहून निघताना आपण कोणत्या वाटेने जाणार हे तेथल्या माणसाला सांगून जावे. आणि गाडी बंद पडलीच, तर गाडी सोडून चालत निघू नये. सावली गाडीचीच असते, पाणी गाडीतच असते, आणि शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

पाण्याचे मोल तेथल्या गावांच्या नावांतसुद्धा आहे. सोसुसफ्लाइच्या तांबड्या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना सेसरीम हे ठाणे लागते. आफ्रिकान्स भाषेत 'सेस रीम' म्हणजे सहा वाद्या. तेथल्या घळीतले पाणी शेंदण्यासाठी पूर्वी चामड्याच्या सहा वाद्या एकीला एक बांधाव्या लागत. आपल्याकडे ज्याने मोटेचा नाडा पाहिला आहे, त्याला हे नाव वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सेसरीमचे दार सूर्योदयाला उघडते. तेथून साठ किलोमीटर डांबरी आणि शेवटचे पाच किलोमीटर शुद्ध वाळू. साधी गाडी असेल तर ती तेथेच ठेवून तेथल्या वाहनाने पुढे जावे. दहा वाजण्यापूर्वी टेकडी चढून उतरावे; नंतर वाळू तापते.

एटोशा अभयारण्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच लिहितात. सूर्योदय ते सूर्यास्त फिरण्यास मुभा, गाडीतून उतरण्यास मनाई. गाडी पळवीत जनावरे शोधण्यापेक्षा एका पाणवठ्यावर गाडी बंद करून दोन तास बसावे. ओकाउकुएयो येथे पाणवठ्यावर रात्रभर उजेड ठेवलेला असतो आणि गेंडे पाण्यावर येतात. कुंपणाच्या अलीकडे बसलेली माणसे तेथे कुजबुजतसुद्धा नाहीत. आपल्या मंडळींना हे जमेल, अशी आशा करू या. उत्तरेकडून दक्षिणेला येताना गुरांच्या रोगराईसाठी घातलेले लांबलचक कुंपण लागते; तेथे कच्चे मांस पलीकडे नेऊ देत नाहीत आणि गाडी तपासतात.

शाकाहारी माणसाचे काय, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मांसाचा देश आहे हे खरे, पण उपाशी मरावे लागत नाही. उत्तरेकडील ओवांबो लोकांचे मुख्य अन्न 'महांगू', आणि महांगू म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली बाजरीच! तिच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा गोळा हाताने मोडून खातात. सोबत 'ओंबिदी' नावाची रानभाजी असते. विंडहुकच्या कातुतुरा भागातील बाजारात हे जेवण मिळते. तेथे दुपारच्या वेळी ओळखीच्या माणसाबरोबर जावे. 'कातुतुरा' या हेरेरो नावाचा अर्थ 'जेथे आम्हांला राहावयाचे नाही ती जागा'. जुन्या वस्तीतून लोकांना सक्तीने येथे हलविण्याविरुद्ध १० डिसेंबर १९५९ रोजी निदर्शने झाली, त्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली.

बोलण्याची एक रीत पाळावी. दुकानात किंवा रस्त्यात एकदम "अमुक कोठे आहे?" असे विचारू नये. आधी नमस्कार, मग "कसे आहात?", त्याचे उत्तर ऐकावे, आणि मग प्रश्न. ओवांबो भाषेतील सकाळचा नमस्कार 'वा लाला पो' असा आहे, म्हणजे झोप नीट झाली ना? सरकारी भाषा इंग्रजी असल्याने बाकीचे निभावते. हेरेरो स्त्रिया पायघोळ झगा आणि गाईच्या शिंगांसारखे रुंद शिरोवस्त्र घालतात, हिंबा स्त्रिया अंगाला तांबडी माती लावतात. त्यांची छायाचित्रे विचारल्यावाचून घेऊ नयेत, मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. आपल्या लग्नघरात कुणी परका न विचारता कॅमेरा घेऊन शिरला तर आपल्याला काय वाटेल, हे आठवावे.

आणि एक गोष्ट, जी जाहिरातपत्रकांत बहुधा सापडत नाही. स्वाकोपमुंड हे जर्मन धाटणीच्या घरांचे, केक-कॉफीचे सुरेख गाव. त्याच्या स्मशानभूमीत एका बाजूला संगमरवरी थडगी आहेत. दुसऱ्या बाजूला वाळूचे नुसते उंचवटे, नावे नसलेले, दूरवर पसरलेले. १९०४ साली हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. २ ऑक्टोबर १९०४ रोजी सेनापती फॉन ट्रोथा याने त्यांना संपविण्याचा लेखी हुकूम काढला. लोकांना निर्जल वाळवंटात हाकलले, पाणवठे अडविले. उरलेल्यांना छावण्यांत कोंडून राबविले. पुढे नामा लोकांचीही तीच गत झाली. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे १९०८ पर्यंत हेरेरोंपैकी सुमारे ऐंशी टक्के आणि नामांपैकी निम्मे नाहीसे झाले. ते उंचवटे या छावणीत मेलेल्यांचे. जर्मनीने या वंशसंहाराची कबुली २०२१ साली दिली, आणि नामिबियाने त्याचा पहिला राष्ट्रीय स्मरणदिन २८ मे २०२५ रोजी पाळला.

पाण्याचा हिशेब करीत तीन आठवडे काढल्यावर 'पाणवठे अडविले' या दोन शब्दांचा अर्थ मला कळला. पुस्तकात वाचताना तो कळला नव्हता. म्हणून सांगतो, स्वाकोपमुंडला गेल्यास त्या मैदानात अर्धा तास काढावा, उंचवट्यांवरून चालू नये. दक्षिणेस ल्युडेरिट्झ बंदरी शार्क आयलंड म्हणून जागा आहे. तेथेही अशीच छावणी होती, आणि त्याच भूमीवर पुढे प्रवाशांसाठी तंबूंची जागा करण्यात आली. जागा समुद्रकाठी आहे, देखावाही चांगला आहे. पण तंबू दुसरीकडे ठोकावा.

किरकोळ दोन गोष्टी राहिल्या. तेथील विजेचे सॉकेट जाड तीन पिनांचे असते, आपल्याकडे गिझरला असते तसे. लहान पिनांचा चार्जर त्यात बसविणारा जोड येथूनच न्यावा. आणि पैसे. नामिबियन डॉलर व दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखीच ठेवलेली असून नामिबियात दोन्ही चालतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र नामिबियन डॉलर कुणी घेत नाही. जोहान्सबर्गमार्गे परतणार असाल तर विंडहुकच्या विमानतळावरच ते संपवावेत. तेथे महांगूचे पीठ मिळाले नाही तरी कॉफी मिळते.