‘पोलीस केस आहे, पुढे न्या!’

पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीनजीक अपघात झाला की जखमीला कोठे न्यावे, बेळगावला की कोल्हापूरला, हा प्रश्न नातेवाइकांपुढे उभा राहतो. त्याआधी जवळच्या डॉक्टरांपुढे दुसराच प्रश्न असतो : या रुग्णाला हात लावावा की नको? एक वकील सांगतात, ‘आधी उपचार करा, मग पोलिसांना कळवा.’ दुसरे बजावतात, ‘पोलीस येईपर्यंत थांबा, नाहीतर कोर्टाच्या फेऱ्या आल्या.’ तिसरे म्हणतात, ‘जखमी महाराष्ट्रातला, अपघात कर्नाटकातला, भानगडीत पडूच नका.’ या मतमतांतरात जातो तो वेळ रुग्णाचा असतो.

वस्तुतः कायदा याबाबत संदिग्ध नाही. एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस केस’ म्हणून नाकारले आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले. तो वाटेतच दगावला. त्यावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले की प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ हेच सांगते. तो केंद्रीय कायदा असल्याने कोगनोळीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असा भेद त्यात नाही. कर्नाटकाने तर मदतकर्त्यांच्या व डॉक्टरांच्या संरक्षणासाठी २०१६ चा स्वतंत्र कायदाही केला आहे.

संमतिपत्राचीही हीच कथा. ‘पती, सासरे, भाऊ, सर्वांच्या सह्या घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. मात्र समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान व सक्षम असेल आणि तातडीचा प्रसंग नसेल, तर आईने दिलेली संमतीही चालत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीच्या सहीची अट नाही. सीमाभागात खरी अडचण वेगळीच आहे. मराठीच वाचू शकणाऱ्या रुग्णाने न कळलेल्या इंग्रजी वा कन्नड मजकुराखाली केलेल्या पाच सह्यांपेक्षा मराठीत समजावून घेतलेली एक सही अधिक मोलाची.

डॉक्टरांची भीती निराधार आहे असे नव्हे. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. वकिलांची सेवा मात्र त्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. अतिसावध सल्ल्याची किंमत सल्लागाराला मोजावी लागत नाही; ती रुग्ण मोजतो आणि कधी डॉक्टरही. दुसऱ्या बाजूने, जेकब मॅथ्यू खटल्याने (२००५) फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणाची कसोटी घालून डॉक्टरांना आधारही दिला आहे, हे आपल्याला क्वचितच सांगितले जाते.

सावधगिरी हवीच, पण ती नोंदींत असावी, उपचारात नव्हे. रुग्ण आल्याची वेळ, जखमा, केलेले उपचार, पोलिसांना दिलेली सूचना आणि पुढे पाठवण्याचे कारण, एवढे लिहून ठेवणारा डॉक्टर बराचसा निर्धास्त राहू शकतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी व जाणत्या वकिलांनी एकत्र बसून मराठी व कन्नड भाषांत एका पानाची सर्वमान्य सूचना तयार करावी आणि ती प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावी. मग रात्री दोन वाजता दारात जखमी आला, तर वकिलाला दूरध्वनी करण्याची गरज पडणार नाही.