आपोआप चालणाऱ्या यंत्राचा ध्यास

उज्जयिनीच्या रामघाटावर शिप्रास्नानाचे जेवढे महत्त्व, तेवढेच त्या स्नानाच्या वेळेचे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे येथे सिंहस्थ भरतो, आणि पर्वकाळ अमुक घटकांनी लागतो व अमुक पळांनी संपतो हे पंचांगात नेमके दिलेले असते. आज घाटावरच्या यात्रेकरूच्या मनगटावर घड्याळ असते. ते नव्हते तेव्हा ही घटकापळे मोजण्याचे साधन म्हणजे तांब्याचे एक लहानसे वाटीवजा पात्र होते. त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून ते पाण्यावर सोडीत. छिद्रातून पाणी आत चढे आणि पात्र भरून बुडे, की एक घटका झाली. अहोरात्रात ते साठ वेळा बुडावे असे सूर्यसिद्धान्तात सांगितले आहे. म्हणजे एक घटका आजच्या चोवीस मिनिटांची. विवाहमुहूर्तासाठी घंगाळातील पाण्यावर असे पात्र सोडण्याची चाल महाराष्ट्रातही होती आणि ‘त्याची घटका भरली’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार या पात्राचीच आठवण करून देतो.

साधन मोठे सोपे आणि स्वस्त. परंतु त्यात एक उणीव होती. बुडालेले पात्र आपण होऊन वर येत नसे. ते उचलून, रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडण्यासाठी कोणी तरी रात्रभर जागत बसावे लागे. त्याला डुलकी लागली की काळाचा हिशेब चुकला. कोणाचाही हात न लागता आपोआप चालत राहील असे यंत्र करता येईल काय, हा प्रश्न ज्योतिषांना पडला, आणि पुढील सातआठ शतके भारतातील यंत्रविद्या या प्रश्नाभोवती फिरत राहिली. अशा यंत्राला त्यांनी ‘स्वयंवह’ असे नाव दिले.

पहिला उपाय आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात एका आर्येत सांगितला आहे. हलक्या लाकडाचा, सर्व बाजूंनी सारखा गोल करावा आणि पारा, तेल व पाणी यांच्या योगे तो काळाच्या गतीने फिरवावा, एवढेच तो सांगतो. त्याची उकल टीकाकारांनी केली. गोल दक्षिणोत्तर आसावर बसवावा व आस सहज फिरावा म्हणून टोकांना तेल द्यावे. शेजारी पाण्याचा उंच हौद ठेवून त्यात पारा भरलेला तुंबा तरंगत सोडावा आणि त्याला बांधलेली दोरी गोलाभोवती गुंडाळावी. हौदाच्या बुडाशी छिद्र असते. पाणी हळूहळू उतरते, त्याबरोबर जड तुंबा खाली जातो, दोरी ओढली जाते आणि गोल फिरतो. हौद अहोरात्रात रिकामा होईल असे छिद्र पाडले म्हणजे गोलाचीही एक प्रदक्षिणा पुरी होते. घटिकापात्राला दिवसातून साठ वेळा हात लागे, तो येथे एकदाच लागू लागला. सुधारणा एवढीच, पण ती लहान नव्हे.

तुंबा आणि दोरी हाती आल्यावर मग कल्पनेला बहर आला. सूर्यसिद्धान्तात मोर, मनुष्य आणि वानर यांच्या आकृतींची काळ दाखविणारी यंत्रे सांगितली आहेत. त्यांच्या पोटात सूत आणि वाळू असे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधील ब्रह्मस्फुटसिद्धान्तात यंत्रांसाठी एक अध्यायच दिला आहे, आणि त्यातील काही रचना तर बाहुल्यांच्या खेळात शोभाव्यात अशा आहेत. वर आणि वधू समोरासमोर बसविलेले. घटका भरली की वराच्या मुखातून एक गुटिका वधूच्या मुखात जावयाची. एकमेकांवर धडकणारे प्राणी आहेत, साप गिळणारा मोर आहे. गणितासारख्या रुक्ष विषयात बुडालेल्या या पंडितांना खेळण्यांचा एवढा सोस असावा याचे नवल वाटते. पण चमत्कार पाहावयास लोक जमतात आणि जमलेल्या लोकांना वेळ कळते, हा व्यवहार त्यांना ठाऊक नसेल असे नाही.

उज्जयिनी ज्याच्या राज्यात होती त्या धारच्या परमार भोजराजाने अकराव्या शतकात या विषयाची नीट मांडणी केली. त्याच्या नावावर असलेल्या समराङ्गणसूत्रधार या वास्तुग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे. त्यात यांत्रिक बाहुल्या आहेत, कारंजी आहेत, झोपाळे आहेत, लाकडाचा उडता पक्षीही आहे. त्यांच्या रचनेचा तपशील मात्र दिलेला नाही, आणि तो अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी दिला नाही, असा खुलासा ग्रंथकार स्वतःच करतो. शेकडो वर्षांनंतरच्या वाचकाचे या खुलाशाने समाधान होत नाही, हे सांगावयास नकोच. तथापि त्याने केलेली यंत्रांची वर्गवारी फार मार्मिक आहे. त्यात जे आपोआप चालते ते स्वयंवाहक, आणि ज्याला एकदाच प्रेरणा द्यावी लागते ते सकृत्प्रेर्य, असा भेद केला आहे.

या दुसऱ्या वर्गाचे अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे पिनबॉल हा खेळ. तिरप्या फळीवर खिळे ठोकून त्यांतून गोटी घरंगळू द्यावयाची, हा बॅगाटेलचा खेळ युरोपात जुना होता. १८७१ साली अमेरिकेतील सिन्सिनाटी येथे माँटेग्यू रेडग्रेव्ह याने त्याला स्प्रिंगचा दट्ट्या बसवून पेटंट घेतले. दट्ट्या ओढून सोडला की गोटी फळीच्या माथ्यावर जाते. पुढचे काम उताराचे आणि खिळ्यांचे. भोजाच्या परिभाषेत हे शुद्ध सकृत्प्रेर्य यंत्र होय. म्हणूनच त्यात कौशल्य किती आणि दैव किती, असा वाद उत्पन्न झाला, आणि हा जुगारच आहे असे ठरवून न्यूयॉर्क शहराने १९४२ साली त्यावर बंदी घातली. १९४७ साली गॉटलीब या कारखान्याने खाली येणारी गोटी पुन्हा वर फटकावणारे विजेचे लहान पंखे आपल्या यंत्रात बसविले आणि खेळणाऱ्याचा हात खेळात अखेरपर्यंत राहू लागला. न्यूयॉर्कची बंदी मात्र १९७६ पर्यंत टिकली. यंत्र सुधारते त्या वेगाने कायदा सुधारत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

हा खेळ करणाऱ्याला गोटी वर कोण चढविणार याचा कधी घोर पडला नाही. हात होता, पुढे वीज आली. भारतीय ज्योतिषांची महत्त्वाकांक्षा मात्र मोठी होती. हौद रोज भरण्याचे श्रमही त्यांना नको होते. ब्रह्मगुप्ताने त्यासाठी एक चाक सुचविले. हलक्या लाकडाच्या या चाकाचे आरे पोकळ असून प्रत्येकात निम्मा पारा भरलेला आहे. पारा एका बाजूला परिघाकडे धावतो, दुसऱ्या बाजूला आसाकडे येतो, म्हणून चाक सदैव फिरत राहील, अशी ही युक्ती. सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी ११५० मधील सिद्धान्तशिरोमणीत हेच चाक वाकड्या आऱ्यांचे करून सांगितले. बाहेरच्या साह्यावर अवलंबून असणारी यंत्रे त्यांना गावठी वाटत.

हे चाक फिरत नाही. खाली उतरणाऱ्या बाजूचा पारा आसापासून दूर असतो हे खरे, आणि दूरचे वजन अधिक ओढते हेही खरे. परंतु आरे वाकवून पारा एका बाजूला दूर नेला की त्या बाजूला पाऱ्याचे साठे संख्येने कमी पडतात आणि वर चढणाऱ्या बाजूला, आसाजवळ का होईना, अधिक होतात. थोडे पण दूरचे वजन आणि अधिक पण जवळचे वजन यांचा तोल साधतो. हाताने दिलेली गती आसाच्या घर्षणात संपते आणि चाक उभे राहते. युरोपातही तेराव्या शतकापासून अशा चाकांची चित्रे आढळतात. त्यांचे मूळ भारतात असावे असे काही इतिहासकारांचे मत आहे. तेथेही कित्येक हुशार माणसांचे आयुष्य त्यात गेले. शेवटी १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असल्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासलेच जाणार नाहीत असे जाहीर केले, आणि १८४० नंतरच्या दशकात मायर, जूल व हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला तेव्हा त्या नकाराचे कारणही कळले.

भास्कराचार्यांच्या तिसऱ्या चाकात हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. त्याच्या परिघावर घट बांधलेले असून वक्रनलिकेने कुंडातील पाणी त्यांत पडते व त्या भाराने चाक फिरते. हे चाक खरोखर फिरेल. पण घटांतून सांडलेले पाणी पन्हळीने पुन्हा कुंडात आणावे, म्हणजे कुंड भरण्याचे कारण उरणार नाही, असे ते सांगतात तेथे युक्ती अडते. सांडलेले पाणी कुंडापेक्षा खाली असते. ते वर कोणी न्यावयाचे? रामघाटापुढची शिप्राही या प्रश्नातून सुटलेली नाही. उन्हाळ्यात नदी आटू लागली, तेव्हा २०१४ साली नर्मदेचे पाणी शिप्रेच्या उगमाकडे आणण्यात आले. नर्मदा खाली आणि शिप्रेचा उगम वर, म्हणून ते पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवावे लागते. हे काम विजेचे पंप करतात. २०१६ च्या सिंहस्थातील स्नानाला त्याच पाण्याचा आधार होता.

कालमापनाच्या बाबतीत उज्जयिनीने पुढे अगदी निराळा मार्ग धरला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाने येथे वेधशाळा बांधली. पितळी यंत्रांचा त्याने आधी अनुभव घेतला होता. त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकते, पातळी ढळते, आणि लहान आकारामुळे सूक्ष्म भाग वाचता येत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने हलणारा एकही भाग नसलेली दगडचुन्याची भव्य यंत्रे उभारली. त्यांतील सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. भिंत स्थिर राहते, पृथ्वी फिरते आणि बाजूच्या वर्तुळखंडावरून भिंतीची छाया सरकत जाते. फिरणारे चाक घडविण्याचा खटाटोप सोडून, जे फिरतच आहे त्याचा उपयोग त्याने करून घेतला. काळाच्या ओघात मोडकळीस आलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने झाला. त्यामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांचा आग्रह होता.

हे यंत्र आजही वेळ दाखविते. छायेवरून मिळणारी वेळ उज्जयिनीची स्थानिक सूर्यवेळ असते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून धरली जाते आणि उज्जयिनी त्याच्या पश्चिमेस आहे. म्हणून छायेच्या वेळेत सुमारे सत्तावीस मिनिटे मिळवून आणि त्या त्या दिवसाची सूर्यगतीची दुरुस्ती करूनच ती मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहावी लागते.