अब्बांना तहान लागत नाही तेव्हा

दुपारी आपण विचारतो, "अब्बा, पाणी देऊ का?" ते म्हणतात, "नको बेटा, तहान नाही." आपण निर्धास्त होतो. चूक इथेच होते.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. अंगाला पाणी हवे असते, पण ते कळत नाही. घामही कमी येतो, म्हणून आतली उष्णता आतच राहते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि पाणी आणखी कमी होते. म्हणूनच तापत चाललेल्या हवामानाचा पहिला मार बुजुर्गांवर पडतो.

जून 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला होता. त्या हजमध्ये 1,301 जणांचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले 83 टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते आणि निवारा नसताना भर उन्हात लांबवर चालले होते. मृतांत वयस्कर आणि जुने आजार असलेलेही होते. आपल्याकडे मुलींची लग्ने उरकून, निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर हजचा विचार होतो. तोवर साठी उलटलेली असते. म्हणून हज ऐपत येताच करावा आणि रीतसर परवान्यानेच जावे.

घरातही थोडे बदलू या. "पाणी हवे का?" असे न विचारता दर तासाला पेला हातात देऊ या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. पत्र्याच्या छपराला चुना लावावा. अम्मींची खाट दुपारी खालच्या, हवेशीर खोलीत हलवावी. बोलणे असंबद्ध झाले, अंग भाजू लागले, तर सावलीत आणून ओल्या कपड्याने पुसावे, वारा घालावा आणि 108 ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे हज आता हळूहळू हिवाळ्याकडे सरकेल आणि सुमारे 33 वर्षांच्या फेऱ्यानंतर पुन्हा जूनमध्ये येईल. आज चाळिशीत असलेले आपण तेव्हा अब्बांच्या वयाचे असू, आणि ऊन आजच्याहून कडक असेल. बुजुर्गांना पाणी कसे द्यायचे, हे आपली मुले आज आपल्याकडे पाहूनच शिकत आहेत.