मावशींचे तीन लाख आणि शेअर बाजाराची मुळाक्षरे

गेल्या वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. परभणीतील आमच्या वस्तीच्या विहारात वंदना व ग्रंथवाचन आटोपले होते. माणसे पांगली, पण नात्याने मावशी लागणाऱ्या एक बाई मात्र सतरंजीवरच बसून राहिल्या. त्यांचे यजमान सफाई कामगार होते, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या फंडाचे व ग्रॅच्युइटीचे तीन लाख रुपये मावशींच्या नावे बँकेत होते.

मावशी म्हणाल्या, "पोरगं म्हणतंय, तीन लाख शेअरबाजारात टाकू, महिन्याला पंधरा हजार येतील. तू बी. कॉम. झालेला हायेस. मला एवढंच सांग, शेअर म्हंजे असतंय तरी काय?"

प्रश्न साधा होता, पण तीन लाखांचा होता. त्या तीन लाखांत एका माणसाची तीस वर्षांची पहाटेची पाळी होती. त्या दिवशी मावशींना जे सांगितले, तेच आज वाचक बंधू-भगिनींसाठी येथे लिहीत आहोत. शेअर बाजार हे शेटजींचे काम, आपले नव्हे, असे म्हणून हा विषय आपल्या घरात कधी निघालाच नाही. आता मोबाईलमुळे तो थेट चुलीपर्यंत आला आहे. ज्याला शब्द कळत नाहीत, त्याला कोणीही फसवू शकतो.

आणि हा विषय आपल्याला परका मुळीच नाही. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून परतले, बडोद्याला अपमान सोसून मुंबईस आले, तेव्हा पोटापाण्यासाठी त्यांनी शेअर व रोखे यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बुडाला. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या बाजाराने बाबासाहेबांचा सल्ला नाकारला, त्या बाजाराची भाषा त्यांच्या लेकरांनी तरी शिकून घ्यावी.

शेअर म्हणजे वाटा

समजा, वस्तीत पिठाची गिरणी टाकायची आहे आणि एक लाख रुपये लागणार आहेत. एकट्याकडे तेवढे नाहीत. म्हणून दहा-दहा रुपयांचे दहा हजार वाटे केले आणि लोकांनी ऐपतीप्रमाणे घेतले. हा एक वाटा म्हणजे शेअर. ज्याच्याकडे शंभर वाटे, तो गिरणीचा शंभर वाट्यांपुरता मालक. त्या वाट्यावर छापलेली दहा रुपये ही दर्शनी किंमत.

गिरणी चांगली चालली तर नफ्यातला काही भाग वाटेकऱ्यांना देतात. त्याला लाभांश म्हणतात. गिरणी बुडाली तर वाटा बुडतो, पण गिरणीच्या कर्जासाठी कोणी वाटेकऱ्याच्या घरातली भांडी उचलून नेत नाही. म्हणजे शेअर ही ठेव नव्हे. ठेवीत आपण बँकेला पैसे उसने देतो आणि बँक ठरलेले व्याज देते. शेअरमध्ये आपण धंद्यात भागीदार होतो. भागीदाराला ठरलेले व्याज नसते. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर निम्मी फसवणूक टळेल.

लाभांशाबाबत एक गफलत नेहमी होते. "कंपनीने पन्नास टक्के लाभांश दिला" असे वाचून माणूस हुरळतो. हे पन्नास टक्के दर्शनी किमतीवर असतात. दहा रुपयांच्या शेअरवर पाच रुपये. तोच शेअर आपण बाजारात पाचशेला घेतला असेल, तर आपल्या पैशावर एकच टक्का सुटला. बोनस शेअरचेही तसेच. एकावर एक फुकट मिळाला की शेअर दुप्पट होतात, पण भाव साधारण निम्म्यावर येतो. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही.

बाजार म्हणजे मोंढाच

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला शेअर बाजार समजायला मोंढ्यात उभे राहिले तरी पुरे. सोयाबीनची आवक वाढली की भाव पडतो, गिऱ्हाईक वाढले की चढतो. शेअरचेही तेच. घेणारे जास्त तर भाव वर, विकणारे जास्त तर खाली. मोंढ्यात अडत्या असतो, इथे ब्रोकर असतो. अडत्याची अडत, तशी ब्रोकरची दलाली. मोंढ्यावर बाजार समितीची देखरेख असते, तशी शेअर बाजारावर 'सेबी' या सरकारी मंडळाची असते.

मुंबईचा शेअर बाजार १८७५ सालचा. राष्ट्रीय शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले १९९४ मध्ये. सेबीची स्थापना १९८८ ची, पण तिला कायद्याचे बळ मिळाले १९९२ साली. हर्षद मेहता प्रकरण त्याच वर्षीचे. बँकांचा पैसा गैरमार्गाने शेअर बाजारात आला आणि भाव कृत्रिमरीत्या चढले. एप्रिल १९९२ मध्ये निर्देशांक ४,४०० च्या वर गेला होता, वर्षभरात तो जवळजवळ निम्म्यावर आला. शेवटी हात पोळले ते ऐन तेजीत धावत गेलेल्या लहान माणसांचे.

निर्देशांक म्हणजे बाजाराचा ताप मोजण्याची काडी. मुंबई बाजारातील ३० मोठ्या कंपन्यांच्या भावावरून काढतात तो सेन्सेक्स, राष्ट्रीय बाजारातील ५० कंपन्यांवरून काढतात तो निफ्टी. सेन्सेक्स चढला म्हणजे आपला शेअर चढलाच, असे नव्हे.

पूर्वी शेअर म्हणजे कागदी प्रमाणपत्र असे. ते हरवे, फाटे, बनावटही निघे. १९९६ पासून शेअर संगणकात नोंदीच्या रूपाने ठेवण्याची सोय झाली. त्या खात्याला डिमॅट खाते म्हणतात. बँकेत पैसे, तसे डिमॅटमध्ये शेअर. छोट्या गुंतवणूकदारासाठी साधे डिमॅट खाते मिळते. त्यात चार लाखांपर्यंतची गुंतवणूक असेल तर वार्षिक देखभाल खर्च लागत नाही, असा नियम सेबीने २०२४ मध्ये केला. खाते उघडताना नॉमिनीचे, म्हणजे आपल्या पश्चात रक्कम कोणाच्या हाती द्यावी त्याचे, नाव जरूर लिहावे. भगिनींनी तर स्वतःच्या नावाचे खाते स्वतःच हाताळावे. ओटीपी पोटच्या पोरालाही सांगू नये.

आयपीओ म्हणजे कंपनीने आपले शेअर लोकांना पहिल्यांदा विकायला काढणे. मे २०२२ मध्ये सरकारने एलआयसीतील साडेतीन टक्के हिस्सा असा विकला. आमच्या कचेरीतही चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. भाव ठरला ९४९ रुपये. पॉलिसीधारकांना ६० रुपये सवलत, म्हणजे ८८९. किमान १५ शेअर घ्यायचे, म्हणजे १३,३३५ रुपये. एवढी जुनी, घराघरांत पोचलेली संस्था, तेव्हा पहिल्याच दिवशी नफा होणार असे सर्वांना वाटले. १७ मे रोजी राष्ट्रीय बाजारात पहिला भाव निघाला ८७२. सवलतीत घेणाऱ्यालाही १५ शेअरमागे २५५ रुपये तोटा. नाव मोठे म्हणजे नफा नक्की, हा समज त्या दिवशी पुष्कळांचा गळून पडला.

आमची स्वतःची फजिती

दुसऱ्यांना शहाणपण सांगताना आपली चूक झाकून ठेवणे बरे नव्हे. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता. आम्ही नोकरीत नवे होतो, हातात बी. कॉम. ची पदवी होती आणि डोक्यात हवा. एका सहकाऱ्याने कानात सांगितले म्हणून पतपेढीतून २० हजार रुपये कर्ज काढले आणि एका कंपनीचे शेअर घेतले. कंपनी काय बनवते हेही धड ठाऊक नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि ऑक्टोबरमध्ये सेन्सेक्स एका क्षणी आठ हजारांच्याही खाली गेला. आमच्या वीस हजारांचे पाच हजार झाले. घाबरून विकून टाकले. शेअर गेले, पण कर्जाचा हप्ता दोन वर्षे पगारातून कापला जात होता. घरात कोणी बोलले नाही, तेच जास्त लागले.

पुढे बाजार सावरला. पण जो कर्ज काढून आलेला असतो, त्याला थांबणे परवडत नाही. म्हणून शेअर बाजारात पैसा घालायचा तर पाच-सात वर्षे लागणार नाही असाच घालावा. उसना, गहाणाचा किंवा लेकीच्या शिक्षणाचा कधीही नव्हे.

म्युच्युअल फंड आणि एसआयपी

बायका भिशी लावतात, त्यात सगळ्यांचे पैसे एकत्र येतात. म्युच्युअल फंडातही हजारो लोकांचे पैसे एकत्र येतात आणि पगारी जाणकार ते अनेक कंपन्यांत विभागून घालतात. एक कंपनी बुडाली तरी सगळे बुडत नाही. फंडातील आपल्या वाट्याला युनिट म्हणतात, त्याच्या रोजच्या किमतीला एनएव्ही. दरमहा ठराविक रक्कम भरत राहणे म्हणजे एसआयपी. समजा, दरमहा ५०० रुपये. एनएव्ही ५० असेल तर १० युनिट, पुढल्या महिन्यात ४० वर आली तर साडेबारा. बाजार पडला की वाटे जास्त मिळतात, एवढेच त्यातले गुपित.

पण यातही हमी नाही. १९६४ पासूनची युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना नोकरदारांना बँकेइतकी पक्की वाटे. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटची खरेदी-विक्री काही महिने थांबवावी लागली आणि कित्येक निवृत्तांची झोप उडाली.

फ्युचर्स-ऑप्शन्स, ज्याला पोरे 'एफ अँड ओ' म्हणतात, ते तर आपण लांबच ठेवावे. त्यात शेअर घ्यायचे नसतात, पुढे भाव काय होईल यावर सौदा असतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत अशा व्यवहारांतील दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक.

महिन्याला पंधरा हजार

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. तीन लाखांवर महिना पंधरा हजार म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार, शेकडा साठ. हिशेबाची एक सोपी युक्ती आहे. ७२ ला व्याजदराने भागले की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळते. सहा टक्के असेल तर बारा वर्षे. दीड-दोन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला विचारावे, मग तू आमच्या वस्तीत कशाला आलास?

शेअर बाजारात ठरलेले मासिक उत्पन्न नसतेच. जो ते देतो म्हणतो, तो शेअर बाजाराचे केवळ नाव सांगत असतो. अशी नावे बदलत राहतात. कधी सागवान, कधी जमीन, कधी शेअर. पर्ल्स म्हणजे पीएसीएल या कंपनीने जमिनीच्या नावावर देशभर कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा केले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. आदेश निघाला, पण पैशासाठी लोकांना वर्षानुवर्षे अर्ज घेऊन फिरावे लागले.

आम्ही मावशींच्या मुलाला बोलावून मोबाईल पाहिला. ग्रुपमध्ये कोणी 'सर' रोज नफ्याचे आकडे टाकत होते. सेबीचा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. पैसे भरायचे ते एका परप्रांतीय माणसाच्या खात्यात. खाली मान घालून मुलाने सांगितले, "दादा, मी माझे दहा हजार आधीच भरलेत. परत मागितले तर आधी टॅक्स भरा म्हणतेत." त्याच दुपारी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ते दहा हजार अद्याप आलेले नाहीत.

मावशींच्या तीन लाखांची मुदत ठेव झाली. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, हेही त्यांना सांगितले. मुलगा रुसला होता, आता बोलतो. त्याने स्वतःच्या मजुरीतून पाचशे रुपयांची एसआयपी सुरू केली आहे.

आपणही घरात हाच क्रम ठेवावा. आधी सावकाराचे देणे फेडावे, मग सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक, मग विमा, आणि त्यातून उरेल त्यातला थोडा भाग बाजारात. शंका आली तर सेबीच्या १८०० २२ ७५७५ या मोफत क्रमांकावर विचारावे. विचारायला लाजू नये. मावशींनी लाज सोडून विचारले, म्हणून तीन लाख वाचले.