प्राणवायूचा अभाव, मेंदूची प्रतिमा व भाकिताची मर्यादा

बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू झाले, तरी रोगी बेशुद्धच राहिल्यास तो शुद्धीवर येईल काय, हा प्रश्न उरतो. प्राणवायू तुटताच चेतापेशींतील ऊर्जानिर्मिती थांबते. सोडियम बाहेर टाकण्याची क्रिया बंद पडून पेशींत पाणी शिरते व त्या फुगतात. तेथे कोंडलेल्या पाण्याच्या रेणूंचे विसरण मंदावते आणि एम. आर. आय. यंत्राच्या विसरण-प्रतिमेत तो भाग उजळ दिसतो. ही परीक्षा दुसऱ्या ते सातव्या दिवसांत करावयाची असते; पुढे ही खूण मावळत जाते. म्हणून उशिरा घेतलेली स्वच्छ प्रतिमा हा मेंदू निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

मेंदूच्या दोन्ही अर्धांतील करडा भाग विस्तृत प्रमाणात उजळला असेल, तर भवितव्य बहुधा प्रतिकूल मानले जाते. तथापि केवळ एवढ्यावरून उपचार थांबविल्यास रोगी दगावतो व भाकीत खरे ठरल्याचा भास होतो. ते चुकीचे होते काय, हे तपासण्याचा मार्गच उरत नाही. याकरिता २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत निदान ७२ तास थांबून, बाहुलीची प्रतिक्षिप्त क्रिया, मेंदूचा विद्युत्-आलेख, प्रतिमा इत्यादींपैकी किमान दोन प्रतिकूल लक्षणे जुळल्यावरच तसे अनुमान करावे, असे सांगितले आहे. लक्षणे परस्परविरोधी असल्यास वाट पाहणे हेच शास्त्रीय होय.